भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं नाही

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक सल्ला सर्रास फिरतो: ‘चार भोकं जुळली की कुठलंही अलॉय चाक चढवा. आत घासलं तर स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, टाका. जुनेच नट कचकचून आवळा, झालं काम.’ यातला एकही तुकडा धड नाही.

आधी भोकं. जुन्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीची चार भोकं ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. नंतरच्या कितीतरी छोट्या गाड्यांची १०० वर. डोळ्याला फरक कळत नाही, जोर लावला तर नट चढतातही, आणि तिथेच माणूस फसतो. प्रत्येक स्टड, म्हणजे ज्यावर नट चढतो तो आटेदार दांडा, ०.८ मिलिमीटर बाजूला ओढला जातो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर वाकत राहतो. तो एके दिवशी तुटतो, तेही उभ्या गाडीत नव्हे.

‘जुनेच नट’ हा सगळ्यात घातक भाग. गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं अशी समजूत आहे. खरं तर नट चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागावर, दाबून धरतात आणि त्या दाबातून येणारं घर्षण चाक जागेवर ठेवतं. दाब नीट यायला नटाचं बूड आणि चाकातला खळगा एकाच आकाराचे हवेत. काही नट ६० अंशांच्या शंकूचे, काही गोल बुडाचे, काही सपाट वॉशरचे. गोल नट शंकूच्या खळग्यात घातला तर बारीकशा कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण अ‍ॅल्युमिनियम चेपलं की ढिला.

शिवाय अलॉय चाक पत्र्याच्या चाकापेक्षा नटापाशी जाड असतं, त्यामुळे तोच स्टड आखूड पडतो. आटे निदान स्टडच्या व्यासाइतके तरी नटात शिरले पाहिजेत. एम१२×१.५ (१२ मिलिमीटर व्यास, दर १.५ मिलिमीटरला एक आटा) स्टडवर नट ८ फेरे, अर्ध्या इंचाच्या, इंचाला २० आट्यांच्या स्टडवर १० फेरे. मोजायला मिनिटही लागत नाही. कमी भरले तर लांब स्टड बसवा.

स्पेसर याच आट्यांतून जागा खातो. शिवाय चाक बाहेर सरकल्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. स्पेसर सरसकट वाईट नाही; हबवर नीट केंद्रित होणारा, स्वतःच्या बोल्टांनी घट्ट बसणारा असेल तर चालतो. पण चुकीच्या ऑफसेटवर (चाकाचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) तो औषध नव्हे. घासणं तपासायचं तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून तपासा.

आता ‘कचकचून’. पान्यावर उभं राहण्यात मर्दुमकी नाही, आटे ताणले जातात. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, घ्या, चाक बनवणाऱ्याचा आकडा पाहा, नट समोरासमोरचे आवळा आणि ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, कारण नवं अलॉय थोडं बसतं. काही जुन्या अमेरिकन गाड्यांच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर बहुधा ‘एल’ कोरलेला. तो न पाहता जोर लावला, तर नट सुटण्याऐवजी स्टडच हातात येतो.