कसेल त्याची हिरवळ

इंग्लंडात घर घेतलंत, मागे हिरवळ मिळाली, अभिनंदन! कागद तुमच्या नावावर असतील. कब्जा कोणाचा, ते पानगळ सुरू झाली की कळेल. सकाळी पडदा सारावा तर गवत सोलून बाजूला पडलेलं, खाली नखांचे ओरखडे आणि नाक खुपसून पाडलेले निमुळते खड्डे.

हा बॅजर. बिळात राहणारा दहा-बारा किलोचा गडी, तोंडावर काळेपांढरे पट्टे, कायम रात्रपाळीला. त्याला शिव्या देऊ नका. तो बिचारा तुमच्या गवताखालची हुमणी वेचतोय. गावी उसातल्या हुमणीपायी माणसं मेटाकुटीला येतात, इथे काम फुकटात होतंय. हिरवळ उरली नाही, हा भाग वेगळा.

बीळ बुजवू, धूर करू असले विचार मनातही आणू नका. १९९२च्या बॅजर संरक्षण कायद्यानुसार बिळाला धक्का लावला तर सहा महिने तुरुंग, आणि दंडाला वरची मर्यादाच नाही. कूळकायद्यात ज्यांच्या आजोबांच्या जमिनी गेल्या त्यांना हे चटकन उमजेल. १ एप्रिल १९५७ला तिकडे कसणारा मालक झाला, इकडे उकरणारा. कुळांनी निदान हप्त्याहप्त्याने किंमत तरी भरली होती. आणि हो, गायींच्या क्षयरोगाचं कारण देऊन सरकारने २०१३पासून परवान्यांवर दोन लाखांहून जास्त बॅजर मारले, हे इथे उगाळू नका. त्यांच्याकडे परवाने होते. तुमच्याकडे फक्त फावडं आहे.

शेडखाली बीळ झालंच, तर ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी निसर्गसंस्थेकडे रीतसर अर्ज करा. पिल्लांचा हंगाम टाळून परवाने साधारण जुलै ते नोव्हेंबर एवढ्या काळापुरते मिळतात. म्हणजे बॅजर डिसेंबरात येणार, हे धरून चाला.

जाळी पुरायची तर अर्धा मीटर खोल पुरा, तेवढाच व्यायाम. तो शेजारच्या बागेतून येईल. ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद तो आवडीने खातो, डॅफोडिलच्या वाटेला सहसा जात नाही. तेव्हा बाग कशी असावी हे त्याने ठरवलंच आहे, तुम्ही फक्त लावायचं. कुंपणाला घरातल्या पुरुषाने लघवी करावी, असाही एक उपाय इथली जुनी मंडळी गंभीर चेहऱ्याने सांगतात. करून बघा, बॅजरचं माहीत नाही, शेजारी नक्की लांब राहतील.

एके दिवशी कुंपणाकडेला छोटे खड्डे दिसतील, आत ताजी विष्ठा, वर माती न लोटलेली. घाण वाटून घेऊ नका. ती हद्दीची खूण आहे. मोजणी झाली, नकाशा तयार झाला, आणि तुम्हाला साधी नोटीससुद्धा आली नाही.

आता उरला पाहुणचार. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे टाका, बिनमिठाचे. जागा मात्र नीट निवडा: शेजाऱ्याच्या हिरवळीला अगदी लागून.