रेझिन पातळ केलं की लवकर कडक होतं?

प्रकाशाने कडक होणाऱ्या द्रव रेझिनपासून थ्रीडी प्रिंटिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: घट्ट रेझिनमध्ये रेणूंना हलता येत नाही, म्हणून ते प्रकाशाने सावकाश कडक होतं, थोडं अल्कोहोल घाला, वेग वाढेल.

रेणू हलत नाहीत, हे खरं. पण कोणते? अ‍ॅक्रिलेट प्रकारच्या रेझिनवर प्रकाश पडला की त्यातला इनिशिएटर, म्हणजे क्रिया सुरू करणारा घटक, फुटतो आणि मुक्त मूलकं, म्हणजे जोडीदार शोधणारे अतिक्रियाशील तुकडे, तयार होतात. मूलकाला मोनोमर, म्हणजे रेझिनचे सुटे छोटे रेणू, चिकटत जातो, साखळी वाढते. दोन मूलकं भेटली की दोन्ही संपतात. लहानसा मोनोमर घट्ट मिश्रणातूनही वाट काढतो, पण लांबलचक साखळ्यांच्या टोकांवरच्या मूलकांची गाठ पडणं अवघड होतं. म्हणजे घट्टपणा आधी अडवतो तो साखळ्यांचा शेवट, त्यांची वाढ नाही. मूलकं साचत जातात आणि वेग उलट चढतो. समाप्तीचा स्थिरांक (मूलकं किती झटकन एकमेकांना संपवतात याचा आकडा) 100 पटींनी घटला आणि बाकी काही बदललं नाही, तर वेग 10 पट होतो, कारण हिशेब वर्गमुळाचा आहे. हाच ट्रॉम्सडॉर्फ-नॉरिश परिणाम. भरीला, वरून आत शिरून मूलकं गिळणारा ऑक्सिजनही घट्ट द्रवात हळू झिरपतो.

म्हणून जितकं घट्ट तितकं वेगवान, असंही नाही. जाळं काचेसारखं झालं की मोनोमरही अडकतो, वेग कोसळतो आणि मोनोमरचे काही दुहेरी बंध न जोडले जाता तसेच राहून जातात. फार घट्ट द्रवात तर इनिशिएटरचे तुकडे दूर जाण्याआधीच पुन्हा जुळतात. दातांच्या फिलिंगमधल्या दोन मोनोमरपैकी बिस-जीएमए मधाहूनही कितीतरी घट्ट, टीईजीडीएमए पातळ. सर्वाधिक वेग मिळतो तो दोहोंच्या मधल्या कुठल्यातरी मिश्रणात.

अल्कोहोलचं तर बोलायलाच नको. ते नुसती जागा अडवतं, मोनोमरची तीव्रता उतरते, वेग वाढवणारा परिणाम उशिरा सुरू होतो आणि वस्तू मऊ निघते.

मूलकांऐवजी धन आयनांवर चालणाऱ्या इपॉक्सी रेझिनमध्ये मात्र ‘घट्ट म्हणजे सावकाश’ हा सुरुवातीचा तर्क बराचसा टिकतो: समान भाराची टोकं एकमेकांना संपवत नाहीत, त्यामुळे घट्टपणाचा तो फायदा तिथे नाही.

मग घट्ट रेझिनने प्रिंट रेंगाळते, हा अनुभव खोटा का? नाही. तिथे वेळ जातो तो प्रत्येक थरानंतर रेझिन वाहून परत पसरण्यात. त्यासाठी रेझिन थोडं कोमट करावं: घट्टपणा उतरतो आणि मोनोमर तेवढाच राहतो.