‘ताई, जरा अभ्यास करून लिहा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

पात्रं रेखाटायला कोणती पेन्सिल घ्यावी, या माझ्या लेखावर काल एक प्रतिक्रिया आली. मी पदरचं काही घातलं असं नको, म्हणून आधी ती जशीच्या तशी देते: “ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. कच्चा सांगाडा 2एचनेच काढतात, हे एलिमेंटरीला बसलेल्या पोरालाही कळतं. 2बीने सुरुवात करायला सांगून नवशिक्यांची वाट लावताय. वर महागड्या पेन्सिली, अंधारे फोटो, आणि मुळात सगळं टॅबवर होत असताना हा खटाटोप कशाला?” (नवख्यांसाठी: एच म्हणजे कडक पेन्सिल, बी म्हणजे मऊ, आकडा मोठा तितकी जास्त कडक किंवा मऊ. एलिमेंटरी ही शाळकरी मुलांची चित्रकलेची सरकारी परीक्षा.)

फोटो अंधारे आहेत, मान्य. पावसाळ्यात आमच्या पेठेतल्या घरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. उजेड मिळाला की दुसरे काढून टाकते.

आता ‘ताई’. ओळख ना पाळख, आणि एकदम ताई! तेही पुढच्याच शब्दाला अभ्यास काढता यावा म्हणून. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. “मी 2एच वापरतो, मला बरं पडतं” असं लिहिलं असतं, तर मीही दोन ओळींत उत्तर देऊन चहाला उठले असते. पण ‘वाट लावताय’ हा शब्द टोपणनावाआडून फेकायचा आणि स्वतः काय काढता याचा पत्ता लागू द्यायचा नाही, याला चर्चा म्हणत नाहीत.

एलिमेंटरीचं नाव काढलंतच, तर त्याच परीक्षेबद्दल बोलू. तिथे भूमितीचा पेपर असतो. त्यात 2एच हवीच, कारण रचनेच्या रेषा बारीक आणि एकसारख्या लागतात. त्याच परीक्षेत स्मरणचित्रही असतं. त्यातली माणसं आठवा. बसस्टॉपवर ओळीने उभी, हात अंगाला चिकटलेले, सगळ्यांचे गुडघे सरळ. भूमितीची पेन्सिल आणि भूमितीचा हात माणसांवर चालवला की असं होतं. मीही त्याच परीक्षांतून आले, पुढे पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकले, आणि आज मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरते. तेव्हा अभ्यासाचं राहू द्या.

2एच हलकी का उमटते? पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र करून भाजलेली कांडी. कोंते या फ्रेंच माणसाने 1795 मध्ये या कृतीचं पेटंट घेतलं. माती जास्त तितकी कांडी कडक आणि रेष फिकी. म्हणजे 2एचची रेष फिकी येते त्यात तुमच्या हाताचं कौतुक काहीच नाही, सगळं श्रेय मातीचं. आणि नवशिक्याला रेष दिसली नाही की तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दाबतो. रेष फारशी गडद होत नाही, कागदाला मात्र चर पडते. ती चर रबराने जात नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर कागद दमट असतो, तेव्हा तर आणखी लवकर पडते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने नाकात तपकीर ओढणारे आजोबा काढले होते. सांगाडा 2एचने, अर्थातच. नाक तीनदा हलवलेलं. वरून 4बीने गालाची छटा दिली, तर ग्राफाइट चरांवरून घसरून गेलं आणि खोडलेली जुनी नाकं पांढऱ्या रेषांनी परत वर आली. एका चेहऱ्यावर तीन नाकं! तुमच्या 2एचचा हा महिमा.

मऊ पेन्सिल लांब टोक करून घ्या, लिहिताना धरतो तशी न धरता तळव्याखाली आडवी धरा आणि हात खांद्यातून फिरवा. 2बीसुद्धा धुरासारखी उमटते. तीच रेष वजन पडतं तिथे दाबली की गडद होते, म्हणजे पात्राचा भार कुठल्या पायावर आहे हे पहिल्याच रेषेत येतं. मंडईत भाजीवाल्या बाईला रेखाटताना ती तुमच्यासाठी थांबत नाही. एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा वर, त्यावर कोपर, आणि त्याच हाताने सुटे पैसे मोजणं चाललेलं. अर्ध्या मिनिटात ती जुडी उचलायला वळते. मानेपासून कमरेपर्यंतचा बाक तेवढ्यात पकडायचा, नाक-डोळे नंतर. हास्यचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं बघा, शब्दाविना हसवतात. माणूस काय करतोय ते अंगाच्या ठेवणीतच असतं.

खालची रेष फिकीच हवी असा हट्ट असेल, तर फिकी निळी पेन्सिल घ्या. कॉमिक्सवाले ती वापरायचे, कारण छपाईच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मला फिका निळा दिसायचाच नाही, मग खोडायची कटकट नाही. आज स्कॅन केल्यावर तो रंग वेगळा काढता येतो. मात्र मेणचट रंगीत पेन्सिल नीट खोडली जात नाही, तेव्हा तीही हलक्या हातानेच.

महागड्या पेन्सिलींचं काय ते एका वाक्यात: लेखात पहिलं नाव कॅमलिनचं, दुसरं अप्सराचं होतं, आणि स्टेडलर शेवटी, ‘हौस असेल तर’ म्हणून. वाचायची तसदी घ्यायला हवी होती. टॅबवर मी लिहिलं नव्हतं, लिहिणारही नाही.

आणखी एका वाचकाने नीडेड रबराबद्दल, म्हणजे कणकेसारख्या मळता येणाऱ्या मऊ खोडरबराबद्दल, विचारलंय. त्यांनी नीट विचारलं, म्हणून नीट सांगते. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत विचारा. घासायचा नाही. मळून टोक काढायचं आणि रेषेवर टेकवून उचलायचं. ग्राफाइट चिकटून निघतं, कागद शाबूत राहतो. काळा पडला की पुन्हा मळा. फारच चिकट झाला तर टाकून द्या, धुवायच्या भानगडीत पडू नका.