मावशीचा पदर

आज २४ ऑगस्ट. सकाळपासून 'मोरूची मावशी' नाटकातलं 'टांग टिंग टिंगाक्' चार ग्रुपांवरून येऊन पडलंय. एक शाळेचा ग्रुप, एक सोसायटीचा, एक जुन्या ऑफिसचा, आणि एकात मला कोणी घेतलं तेच मला माहीत नाही. क्लिप तीच, साडी नेसून मावशी झालेल्या विजय चव्हाणांची. ते २०१८ साली आजच्या दिवशी गेले, त्रेसष्टाव्या वर्षी. तेव्हापासून दर ऑगस्टला हाच कार्यक्रम: क्लिप, हात जोडलेले इमोजी आणि 'असा नट पुन्हा होणे नाही'.

क्लिपबद्दल माझी तक्रार नाही, मीही ती पूर्ण बघितली. पण सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "पुरुषाने साडी नेसून हसवायला यांनीच सुरुवात केली, आता टीव्हीवर सगळे तेच करतात." बिचाऱ्यांनी कौतुकानेच लिहिलं असणार. पण माझा चहा कडू झाला. ग्रुपवर वाद घातला तर पुढच्या मीटिंगला त्यांच्याच शेजारी बसायचं असतं, म्हणून इथे लिहितोय. लांबड लागेल, आधीच सांगतो.

'सुरुवात' हा शब्द पहिल्यांदा बाजूला ठेवू. 'मोरूची मावशी' आचार्य अत्र्यांची, १९४७ची. मूळ कल्पना ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आँट' या इंग्रजी फार्सची, तो १८९२चा. अत्र्यांच्या वेळी मावशी करायचे बापूराव माने. आमच्या आधीच्या पिढीला विचारलंत तर "मावशी म्हणजे बापूरावांचीच" असं सांगणारे म्हातारे तेव्हा हमखास भेटायचे. आणि त्याच्याही मागे गेलात तर बालगंधर्वांचा काळ, पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा. त्यांच्या साड्या बघून बायका तशा साड्या घ्यायच्या. सुयोग या नाट्यसंस्थेच्या सुधीर भटांनी हे नाटक १९८५ साली पुन्हा काढलं, दिलीप कोल्हटकरांनी बसवलं. मावशीसाठी आधी लक्ष्मीकांत बेर्डेला विचारलं होतं आणि त्यानेच विजय चव्हाणांचं नाव सुचवलं, असं नाटकवाले सांगतात. तेव्हा वारसा मोठा होता आणि तो चालवायचा म्हणजे आधीच्यांशी तुलना होणारच होती.

आता 'तेच करतात' या दोन शब्दांबद्दल.

आमची मोठी मावशी चिपळूणला राहायची. एकोणनव्वद किंवा नव्वद साल असेल, गुडघ्याच्या दुखण्यासाठी ती महिनाभर आमच्याकडे परळला आली होती. मी कॉलेजात होतो. तिला नाटकाला न्यायचं ठरलं, शिवाजी मंदिरला. गुडघ्यामुळे बाल्कनी नको म्हणून खालची तिकिटं काढावी लागली, आणि बाबांनी पुढचे दोन दिवस आम्हाला त्या फरकाचा हिशेब ऐकवला. मावशीला आधीच सांगून ठेवलं होतं की ही बाई नाही, बाप्या आहे. उगाच नंतर घोटाळा नको.

पडदा उघडला. यथावकाश मावशी अवतरली. थिएटर कोसळलं. आमची मावशी मात्र हसली नाही. ती पुढे वाकून निरखत होती. मग मला कोपराने ढोसून म्हणाली, "अरे, ही तर आमची वत्सूवन्सं!"

वत्सूवन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. मी त्यांना एकदाच बघितलं होतं, एका मुंजीत. पंगतीच्या टोकाला पाय पसरून बसायच्या, पदर खांद्यावरून घसरला की गावाला शिवी घातल्यासारखा वर ओढायच्या, आणि कुणी पुरुषमाणूस जवळ आला की एकदम सोवळ्या व्हायच्या. त्यानंतर आमची मावशी पूर्ण अंकभर हसत होती ती त्या नटाला नव्हे, वत्सूवन्संना. तीस वर्षांचा हिशेब चुकता होत होता. मध्यंतरात तिने निकाल दिला, "बाप्याला पदर कळतो, आमच्या सुनांना नाही."

सोसायटीच्या त्या गृहस्थांना मला हेच सांगायचंय. त्या रात्री शिवाजी मंदिरात साडी हा विनोद नव्हताच. साडी पहिल्या दोन मिनिटांत वापरून झाली होती. एंट्रीचा हशा ओसरला की नटाच्या हातात काय उरतं? पुढे दोन तास आहेत, आणि साडी तर सगळ्यांनी बघून झाली. आजच्या बऱ्याच स्किटमध्ये नेमकी इथेच गाडी थांबते. पुरुष साडी नेसून विंगेतून येतो, खुर्चीतले पाहुणे हसून लोळतात, मग छाती, कंबर, लिपस्टिक यांवर चार वाक्यं, संपलं. लेखकाला काही लिहावंच लागत नाही. हसायचं कशाला, तर बाईच्या अंगाला. (सगळे तसे नाहीत. दोन-तीन पोरं खरोखर चांगली करतात. त्यांची नावं लिहिली तर बाकीच्यांचे चाहते माझ्या अंगावर येतील, म्हणून राहू दे.)

'मोरूची मावशी'त गंमत अशी की मावशी झालेला तो तरुण या कामात कच्चा आहे. मित्रांनी गळ्यात मारलंय म्हणून तो उभा राहिलाय. घरात मुली यायच्या तर कुणीतरी वडीलधारी बाई हवी, खरी मावशी काही वेळेवर पोचत नाही, मग नेसव याला साडी. म्हणजे नटाला एकाच वेळी दोन माणसं करायची: आत अडकलेला पोरगा, आणि त्याने कशीबशी रेटून नेलेली बाई. पोरगा किती वेळा बाहेर डोकावू द्यायचा, आवाज कुठल्या शब्दावर जाड होऊ द्यायचा, मांडी केव्हा फाकवायची आणि ते केव्हा लक्षात येऊन गुडघे जोडायचे, या सगळ्याचं गणित असतं. जरा जास्त झालं तर नाटकातले बाकीचे लोक मूर्ख ठरतात, कारण एवढं ढळढळीत त्यांना कसं दिसत नाही? जरा कमी झालं तर हशाच नाही. विजय चव्हाणांचं गणित पक्कं होतं आणि वर ते गणित आहे असं कुठेही दिसायचं नाही. त्यांनी घाबरलेला पोरगा खरा केला, आणि मावशी त्याहून खरी. प्रशांत दामले आणि प्रदीप पटवर्धन बाजूला असायचे, तेही कच्चे नव्हते. तरी नजर मावशीवरून हलायची नाही.

माझा एक अंदाज आहे. तो अंदाजच समजा. लालबागसारख्या भागात वाढलेल्या माणसाला बायका बघायला वेगळं तिकीट काढावं लागत नाही. नळावर, गॅलरीत, गणपतीच्या मांडवात, हळदीकुंकवाला जाताना, भांडताना, भांडण मिटल्यावर. आम्ही परळचे. आमच्या मजल्यावर अशा किमान सहा मावश्या होत्या, आणि कुठलीही नाटकात घातली असती तर चालली असती. विजय चव्हाण बाईची नक्कल करत नव्हते. ते एक विशिष्ट बाई करत होते, तिला वय होतं, स्वभाव होता, ताठा होता. म्हणून तर चिपळूणच्या बाईला त्यात तिची नणंद दिसली. शेजारच्या खुर्चीवर डोळे पुसत हसणाऱ्या काकूंना दुसरंच कुणीतरी दिसत असेल.

आणि हे दोन हजारांच्या वर प्रयोग. आकडा सगळे लिहितात, पण जरा मांडून बघा. वर्षाला दोनशे प्रयोग धरले तरी दहा वर्षं. दहा वर्षं दर दुसऱ्या दिवशी तीच साडी, तोच केसांचा टोप, तोच घाम. बसने दौरा, पहाटे मुक्कामाला, संध्याकाळी पुन्हा मेकअप. तिसऱ्या रांगेतल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेलं असतं, तिला हा आठशेवा प्रयोग आहे हे कळता कामा नये.

सिनेमाचं काय, असं कुणी म्हणेल. 'झपाटलेला'तला हवालदार मला आवडतो. 'जत्रा'ही मजेत बघतो. पण मी चाहता आहे म्हणून खोटं कशाला बोलू? दोन हजार सालानंतर मराठीत विनोदी सिनेमांचा जो पूर आला, त्यात त्यांनी पाट्याही टाकल्या. काही सिनेमांत नुसता आरडाओरडा आहे. दिग्दर्शकाने "विजयजी, तुमच्या स्टाइलने करा" एवढंच सांगून कॅमेरा चालू केला असावा, असं वाटत राहतं. छोट्या भूमिका करणाऱ्या नटाला निवडीची चैन नसते, हेही खरं. गंमत बघा, २०१८ साली राज्य सरकारने त्यांना चित्रपती व्ही. शांताराम जीवनगौरव दिला. त्याच वर्षी राज कपूर जीवनगौरव धर्मेंद्रला. मान मोठाच. पण मिळाला चित्रपटांसाठी, आणि आज चारही ग्रुपांवर फिरतंय ते नाटक.

ऑगस्ट या मंडळींना लाभत नाही बहुतेक. ९ ऑगस्ट २०२२ला प्रदीप पटवर्धन गेले. १० ऑगस्ट २०२४ला विजय कदम. लक्ष्या, म्हणजे बेर्डे, तर कधीच, डिसेंबर २००४ मध्ये. 'टूरटूर' नाटकापासून धमाल करत आलेली ही पोरं. हो, आमच्यासाठी पोरंच. माझी बायको म्हणते तू हल्ली फेसबुकवर फक्त गेलेल्या लोकांबद्दल लिहितोस. ती म्हणते ते बरोबर आहे, पण त्याला मी काय करू?

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या अंकात म्हातारा प्रियकर मागे लागलेला असताना मावशी झटकन उठली आणि पदर खुर्चीच्या हाताला अडकला. मागे वळून न बघताच ती खेकसली, तोच म्हातारा धरतोय असं समजून. मग वळली, खुर्ची दिसली, आणि काहीच झालं नाही अशा थाटात पदर सोडवून घेतला. लोक टाळ्या वाजवत होते. घरी येताना टॅक्सीत मी मावशीला म्हटलं, काय सांभाळून घेतलं गं, पदर खरंच अडकला होता. ती म्हणाली, "छट्! मुद्दाम अडकवला त्याने. उठायच्या आधी हाताने मागे सारला, मी बघितलं ना." मी म्हटलं शक्य नाही. शेवटी एका बटाटेवड्याची पैज लागली. पुन्हा नाटक बघायचं आणि ठरवायचं.

पुन्हा बघायला सात-आठ वर्षं गेली. या वेळी ठाण्याला, गडकरी रंगायतनमध्ये, बायकोबरोबर, नवीन लग्न. दुसरा अंक आला तशी मी बायकोशी बोलणं बंद केलं. मावशी खुर्चीत बसली. म्हातारा जवळ सरकला. ती उठणार त्याच्या जरासं आधी डावा हात मागे गेला आणि पदर गुपचूप खुर्चीच्या हातावर टाकला गेला. मग ती झटकन उठली.

आमच्या मावशीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. वडा द्यायचा राहिला.