कडेची काकू जाड दिसते त्यात प्लास्टिकचा दोष नाही

फोनच्या कॅमेऱ्याबद्दलचा एक मजकूर गेल्या काही महिन्यांत मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. म्हणणं असं: वाइड कॅमेऱ्यात, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्यात, कंपन्या काचेऐवजी प्लास्टिकचं भिंग बसवतात, कारण ते स्वस्त पडतं. म्हणून ग्रुप फोटोत कडेची माणसं जाड दिसतात आणि रात्रीचे फोटो मातकट येतात. भिंग नावापुरतं असतं, बाकी सगळं सॉफ्टवेअर रंगवतं. काच बसवली की प्रश्न मिटला.

मी भिंगांच्या डिझाइनचंच काम करतो. ज्या भागाला सगळ्यात जास्त कसब लागतं त्यालाच लोक भंगार म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

आधी कडेच्या माणसांचं बघू. पत्र्याच्या डब्याला टाचणीने भोक पाडून कॅमेरा केला, म्हणजे भिंग अजिबातच ठेवलं नाही, तरी कडेची माणसं ताणलेलीच दिसतील. समोरचं गोलाकार जग सपाट पडद्यावर उतरवायचं आणि भिंतींच्या, दारांच्या रेषाही सरळ ठेवायच्या, तर कडेचा भाग ताणावाच लागतो. मधल्या रेषेपासून ४५ अंशांवर उभ्या असलेल्या काकूचा गोल चेहरा सुमारे १.४ पट रुंद होतो. हा भूमितीचा हिशेब आहे. तिथे जगातली सगळ्यात महाग काच लावली तरी आकडा तोच येणार. चेहरा गोल ठेवायचा असेल तर भिंतीच्या रेषा वाकू द्याव्या लागतात. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये यावर तोड मांडली ती अशी की चेहऱ्यापुरता एक हिशेब वापरायचा, भिंतींना दुसरा, आणि दोन्हींचा सांधा दिसू द्यायचा नाही.

आता काच. एका फुटलेल्या फोनचा कॅमेरा मी लूपखाली, म्हणजे घड्याळजी वापरतात तसल्या भिंगाखाली, उघडला होता. तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढ्या उंचीच्या नळीत एकावर एक भिंगं रचलेली. सगळ्यात खालचं, सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) जवळचं भिंग शाळेत शिकलेल्या बहिर्गोल-अंतर्गोलाच्या कुठल्याच चित्रात बसत नाही. मध्ये खोलगट, मग वर उचललेलं, कडेला पुन्हा खाली उतरणारं, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखं. सेन्सरवर फार तिरपे पडणारे किरण ते थोडे सरळ करतं आणि वाकडी पडू पाहणारी प्रतिमा सपाट करतं.

काच घासून हा आकार काढायला बसा. घासताना दोन पृष्ठभाग एकमेकांवर सगळ्या दिशांनी फिरतात, त्यातून आपोआप गोलाचाच तुकडा तयार होतो. गोलाच्या तुकड्यांनीच हेच काम करायचं तर भिंगांची संख्या वाढते, नळी लांब होते आणि फोनच्या जाडीत मावत नाही. काच तापवून साच्यात दाबता येते, पण इतकी पातळ, उलटसुलट वळणांची भिंगं त्या पद्धतीने लाखोंनी काढणं फार अवघड. प्लास्टिक वितळवून साच्यात भरलं की ही वळणं मिळतात. साचा हिऱ्याच्या टोकाने कापलेला असतो आणि तिथली चूक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, अंशांत मोजतात. शिवाय प्लास्टिक एकाच जातीचं नसतं. एक जात प्रकाशातले रंग कमी फाकवते, दुसरी जास्त, आणि त्यांची जोडी लावून कडांवरची जांभळी झालर कमी करतात. वजनाने ते काचेच्या निम्म्याहून कमी भरतं, आणि फोकससाठी भिंग हलवणाऱ्या इवल्याशा मोटरला त्याचा मोठा आधार असतो. साचा एकदा तयार झाला की नग स्वस्त पडतो हे खरं, पण नुसती स्वस्ताई हे प्लास्टिक निवडण्याचं कारण नाही.

रात्रीच्या फोटोंची तक्रार मात्र खरी आहे, फक्त कारण चुकलंय. आयफोन ११चा वाइड कॅमेरा (कंपनी त्याला ‘अल्ट्रा वाइड’ म्हणते) घ्या: १२० अंशांचं दृश्य, पाच भिंगं, एफ/२.४. त्याच्या फोटोचे तपशील उघडले की फोकल लेंथ (ढोबळमानाने भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) १.५४ मिलिमीटर दिसते. एफपुढचा आकडा सांगतो की फोकल लेंथ प्रकाश आत येण्याच्या दाराच्या किती पट आहे, म्हणून तिला २.४ ने भागलं की ते दार ०.६४ मिलिमीटर रुंद निघतं. त्याच फोनचा मुख्य कॅमेरा ४.२५ मिलिमीटर, एफ/१.८, म्हणजे दार सुमारे २.४ मिलिमीटर. दाराच्या क्षेत्रफळात तेरा-चौदा पटींचा फरक पडतो. एकाच जागेवरून एकाच चेहऱ्याचा फोटो काढला तर वाइडमध्ये इतका कमी प्रकाश येतो. मातकटपणाचं मुख्य कारण हे.

राहिलं सॉफ्टवेअर. १२० अंशांच्या साध्या भिंगात कोपऱ्यांना मध्याच्या जेमतेम सोळावा हिस्सा प्रकाश पोहोचतो. डिझायनर रेषा मुद्दाम पिंपासारख्या थोड्या फुगू देतो, कारण त्याने कोपऱ्यांना उजेड जास्त मिळतो, आणि रेषा सरळ करण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवतो. ही कामाची वाटणी झाली, याला रंगवणं म्हणत नाहीत. आणि ती नवीही नाही. १९००च्या सुमारास बर्लिनच्या गोर्झ कंपनीचं हायपरगॉन आलं, अस्सल काचेचं, सुमारे १३५ अंशांचं. त्याचेही कोपरे इतके काळे पडत की भिंगासमोर चांदणीच्या आकाराचा छोटा पंखा हवेच्या झोताने फिरवून मधला प्रकाश काही काळ अडवावा लागे. जो प्रकाश आलाच नाही तो त्या पंख्यालाही आणता येत नव्हता आणि सॉफ्टवेअरलाही येत नाही. कोपरा उजळवला की कमी प्रकाशामुळे त्यात आलेले रवाळ दाणेही उजळतात. म्हणून भिंग चांगलंच लागतं.

प्लास्टिकची एक उणीव त्या मजकुरात आलीच नाही: उष्णता. तापलं की ते काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, प्रकाश वाकवण्याची त्याची ताकदही बदलते आणि फोकस सरकतो. उन्हात तापणाऱ्या गाडीवरच्या कॅमेऱ्यांत म्हणूनच काच वापरतात, आणि तिथे ती मागणं रास्तच आहे.

लग्नातल्या फोटोपुरतं सांगायचं तर चार पावलं मागे जा, मुख्य कॅमेरा लावा. वाइडशिवाय गत्यंतरच नसेल तर कडेला माणसांऐवजी मांडवाचे खांब येऊ द्या.