पुण्यतिथीला शुभेच्छा देऊ नयेत, आणि इतर सूचना

अभिनंदन. शाळेत रुजू होऊन आठवडा झाला नाही तोच हेडगुरुजींनी 'सांस्कृतिक विभाग' तुमच्या गळ्यात घातला, म्हणजे तुमचं अक्षर बरं आहे हे त्यांनी हेरलं. माझंही असंच झालं होतं. तेव्हापासून एकवीस वर्षं मी फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं दिनविशेष लिहितो आहे. एकाही थोर पुरुषाची जयंती माझ्या हातून हुकलेली नाही. त्यांच्यापैकी कोणाचं काही वाचायला सवड झाली नाही, पण तसं परिपत्रकात मागितलेलंही नाही.

परिपत्रक म्हणजे, वर्ष संपत आलं की मंत्रालयातून सामान्य प्रशासन विभागाचं निघतं ते. येत्या वर्षी कोणाकोणाच्या जयंत्या आणि कोणते राष्ट्रीय दिन साजरे करायचे, याची यादी. तिची प्रिंट काढून तांदळाच्या साठ्याच्या नोंदीशेजारी चिकटवा. हा झाला पाया. वरचे मजले संयुक्त राष्ट्रसंघाचे. २२ मार्च पाण्याचा, आदल्या दिवशी जंगलांचा आणि कवितेचा, त्याच्या आदल्या दिवशी आनंदाचा. त्याच २० मार्चला चिमण्यांचाही दिवस असतो; तो मात्र २०१० साली आपल्याच नाशिकहून निघाला, तेव्हा चिमण्यांबद्दल तक्रार नाही. १९ नोव्हेंबर शौचालयाचा. यातले बरेच दिवस यादीत नसतात, ते आदल्या रात्री साडेनऊला केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर येतात. 'उद्या आनंद दिन साजरा करून अहवाल दुपारी दोनपर्यंत पाठवावा, विलंब झाल्यास खुलासा घेण्यात येईल.' असा मेसेज आला तर 'हो सर' लिहून झोपून जावं.

साहित्य फार लागत नाही. एक टेबल, त्यावर टाकायला एक चादर (धुतलेली असल्यास उत्तम), प्रतिमा, हार, उदबत्ती आणि ती खोचायला केळं. झेंडूचा हार एकदा घेतला की थंडीत तीन जयंत्या सहज निघतात. चौथीला पाकळ्या गळतात आणि फोटोत कळतं. फोटो हाच कार्यक्रम, हे विसरू नका. त्यात प्रतिमा, मागचा फळा आणि हेडगुरुजींचा हात या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. मुलं आली तर येऊ द्या.

हल्ली साधा फोटो चालत नाही, जीपीएस कॅमेऱ्याचा लागतो. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं छापून येतं. याचा सर्वांत जास्त फायदा ५ जूनला होतो. त्या दिवशी शाळा उन्हाळी सुट्टीत असते, मृग लागायला दोन दिवस असतात आणि आमच्या मराठवाड्यातली जमीन अशी झालेली असते की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. स्टॉकहोमला १९७२ च्या जूनमध्ये पर्यावरणाची परिषद भरली, म्हणून दिवस जूनचा. त्याच वर्षी माझे आजोबा इथे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी बहुधा ऑगस्ट सुचवला असता. असो. तुम्ही एकटे जा, सोबत एक रोप आणि टँकरमधून वाचवलेलं बादलीभर पाणी न्या. दर वर्षी त्याच खड्ड्यात झाड लावण्याचा विनोद आता जुना झाला. जीपीएस आल्यापासून खड्डा तोच असणं हा पुरावा ठरतो. गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे अक्षांश-रेखांश जुळले की वरचे लोक खूश होतात. रोपाचं पुढे काय झालं हा रकाना फॉर्ममध्ये नाही.

आता अवघड भाग. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. इतिहासानं हा योग जुळवताना तुमच्या टेबलाचा विचार केलेला नाही. एका चादरीवर दोन प्रतिमा ठेवायच्या, एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. सूत्रसंचालन करताना एका दमात 'दोन्ही महापुरुषांना हार्दिक शुभेच्छा' म्हणून मोकळे होऊ नका. मी एकदा झालो होतो. मुलं तशी हुशार असतात. पहिल्या रांगेतल्या एकानं विचारलंच, "गुर्जी, आज हसायचं का रडायचं?" त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं, दुसरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

भाषणांची काळजी करू नका, ती सगळी एकच असतात. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.' मग जन्मतारीख, गाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, घरची परिस्थिती हलाखीची. शेवटी 'जाता जाता मी एवढेच म्हणेन'. मधे एक प्रसंग घालायचा. टिळकांसाठी शेंगांच्या टरफलांचा प्रसंग महाराष्ट्रानं कायमचा राखून ठेवला आहे. मंडालेला काढलेली सहा वर्षं, राजद्रोहाचा खटला, हे सगळं त्या टरफलांखाली नीट झाकलं जातं.

एका वर्षी काय झालं, दोन प्रतिमांच्या गडबडीत सहावीतल्या एका पोरानं भाषणाची पानं बदलली. अण्णाभाऊंच्या फोटोकडे हात करून तो छाती पुढे काढून म्हणाला, "बाल अण्णाभाऊ म्हणाले, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही!" टाळ्या पडल्या. अण्णाभाऊ शाळेत दीड दिवस टिकले असं सांगतात. एवढ्या वेळात शेंगा खाऊन टरफलांवरून वाद होणं कठीण आहे. पण पाहुण्यांनी त्या पोराला खिशातून पन्नास रुपये बक्षीस दिलं आणि आपल्या भाषणात 'अण्णाभाऊंचा तो बाणेदारपणा आज आपण अंगी बाणवला पाहिजे' असं सांगितलं. मी आभारप्रदर्शन केलं. वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या कुटुंबाची गोष्ट त्याच पानावर खाली होती. ती वाचायची वेळच आली नाही.

छत्रपतींच्या बाबतीत तारीख की तिथी, हा प्रश्न तुमच्यासमोर येईल. त्याचं उत्तर 'दोन्ही' असं आहे. १९ फेब्रुवारीला शासनाची शिवजयंती, फाल्गुन वद्य तृतीयेला उरलेल्यांची. राज्याभिषेक ६ जूनला एकदा, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला एकदा. तुम्ही नवे आहात, थोडं वाचलेलं असेल, म्हणून सावध करतो. ६ जून १६७४ ही तारीख तेव्हाच्या इंग्रजांच्या जुन्या पंचांगातली आहे आणि आपण आज भिंतीवर लावतो त्या कॅलेंडरनं तो दिवस १६ जूनला येतो, ही माहिती तुमच्यापाशीच ठेवा. गावात दोन मंडळं आहेत. तिसरं निघालं तर डीजेची वर्गणी तुमच्याच पगारातून जाईल.

मराठीचे तर चार दिवस आहेत. २१ फेब्रुवारी मातृभाषेचा. तो ढाक्याच्या पोरांनी १९५२ साली बंगालीसाठी गोळ्या खाल्ल्या म्हणून जगाला मिळाला. २७ फेब्रुवारी कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचा, १ मे राजभाषेचा, आणि २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यापासून ३ ऑक्टोबर. चारही दिवशी एकच फळा चालतो, तारीख तेवढी पुसायची. 'मराठी'ला दुसरी वेलांटी देताना खडू तुटतो, जपून.

१५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन, आणि जागतिक हात धुवा दिनही. क्रम चुकवू नका. आम्ही आधी हात धुवायला लावले आणि मग कपाटाचं कुलूप काढून पुस्तकं वाटली. शंभरेक ओले हात. पुस्तकं तशी कोरी होती, पहिल्यांदाच बाहेर आलेली. दोन दिवस व्हरांड्यात वाळत घातली, मोजली, पुन्हा कुलूप. त्या दोन दिवसांत मधल्या सुट्टीत तिसरीतल्या दोन मुली व्हरांड्यात पालथ्या पडून वाचत होत्या, तेव्हा मी त्यांना हुसकलं. पानं चिकटली असती.

मुलींवरून आठवलं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा बालिका दिन, २४ जानेवारीला राष्ट्रीय, ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय. तिन्ही दिवशी सकाळी मैदान झाडायला मुलींनाच लावायचं, त्यांचं झाडलेलं स्वच्छ असतं. एका मुलीला नऊवारी नेसवून, कपाळावर आडवं कुंकू लावून उभं करायचं. पुण्यात १८४८ साली ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली त्याचं चित्र मागे लावा. वाडा पाहायला जाण्याचा विचार असेल तर सोडून द्या. स्मारक व्हावं म्हणून आपण वर्षानुवर्षं भाषणं केली, तोवर वाडा खचत गेला, प्रकरण कोर्टात फिरत राहिलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी म्हणून तो पाडला.

महिला दिनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा गुलाबपुष्प देऊन सत्कार करा. फोटो झाला की त्यांना पाहुण्यांचा चहा टाकायला सांगा. फूल त्या पदरात खोचतात, अडचण होत नाही. १ मेला त्यांना बोलवू नका; त्या दिवशी खिचडी नसते, प्रगतिपुस्तकं असतात, आणि कामगार दिन आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हे सगळं वर्ष-दोन वर्षांत अंगवळणी पडतं. खरी परीक्षा १७ सप्टेंबरची. तुम्ही पश्चिम महाराष्ट्राकडचे दिसता, तेव्हा सांगून ठेवतो. आमच्याकडे चार झेंडे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. देश १९४७ च्या ऑगस्टात मोकळा झाला, आम्ही निजामाच्या राज्यात आणखी तेरा महिने होतो. १९४८ च्या सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या आणि पाच दिवसांत प्रकरण मिटलं. पुस्तकात त्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम म्हणतात, गावात 'पोलीस अॅक्शन' आणि त्याच्या आधीच्या, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या काळाला 'रझाकारी'. फळ्यावर पुस्तकातला शब्द लिहा. टेबलावर या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची प्रतिमा ठेवा. ती नसेल तर भगव्या कपड्यांतल्या कुठल्याही स्वामींची चालते असं काही शाळांत दिसलं आहे, मी सुचवत नाही.

अडचण दुसरीच आहे. आमच्या गावात एक आजोबा होते. रझाकारीत ते दहा वर्षांचे. झेंडावंदनाला दर वर्षी सगळ्यांच्या आधी यायचे, पांढरं धोतर, हातात काठी, आणि मुलांच्या मागे लिंबाखाली बसायचे. मी नवा होतो तेव्हा, नवा माणूस करतो तसा, उत्साहानं त्यांच्या हातात माईक दिला. तुम्ही देऊ नका. त्यांनी 'अध्यक्ष महोदय' म्हटलंच नाही. सुरुवात केली ती जोंधळ्याच्या पेवापासून, म्हणजे जमिनीत धान्य साठवायच्या खड्ड्यापासून. आईनं पेवावर शेणाचं सारवण करून वर शेळ्या बांधल्या होत्या. ते पेव कोणी दाखवून दिलं, धान्य कोणाच्या बैलगाडीतून गेलं, आणि पुढे फौजा आल्यावर पारड्याची दुसरी बाजू खाली गेली तेव्हा कोणाची घरं कोणी लुटली, हे त्यांनी नावानिशी सांगितलं. दोन्ही वेळची नावं. त्यातली काही आडनावं मंचावर बसली होती. सरपंचांनी घड्याळ पाहिलं. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष एकदम पाणी प्यायला उठले. मुलं मात्र चिडीचूप. तेवढी शांतता मी 'शांतपणे ऐकून घ्यावेत' म्हणणाऱ्या भाषणाला कधी पाहिली नाही.

हेडगुरुजींनी मला ऑफिसात बोलावून एवढंच विचारलं, "फोटो काढला का याचा?" नव्हता काढला. "बरं झालं."

पुढच्या वर्षीपासून आम्ही त्यांचा सत्कार करायला लागलो. ज्येष्ठ नागरिक म्हणून शाल, श्रीफळ, आणि लगेच आभारप्रदर्शन. माईक मी धरायचो. ते नारळ मांडीवर घेऊन बसायचे आणि कार्यक्रम संपला की चार पोरं त्यांच्याभोवती जमायची. एकदा जवळून जाताना ऐकलं, पेवाचंच चाललं होतं. एक पोरगा विचारत होता की शेळ्या किती होत्या. घंटा देऊन मी वर्ग भरवला.

गेल्या श्रावणात ते गेले. ग्रामपंचायतीनं त्यांचा फोटो मोठा करून शाळेला दिला आहे, ऑफिसात कपाटावर ठेवला आहे. यंदा टेबलावर तोही लागेल. फ्रेम थोडी रुंद आहे, तेव्हा चादर आधीच मापून ठेवा. हार दोन आणा, जुना वापरू नका, घरचे लोक येणार आहेत. आणि भाषणाला ती शेळ्यांची विचारणा करणारा पोरगा नाव देईल, आता तो सातवीत आहे. त्याचं लिहिलेलं आधी तपासून घ्या.