पैसा होता, तरी घटस्फोट नव्हता

'रॉचेस्टर एवढा श्रीमंत, मग बर्थाला घटस्फोट देऊन मोकळा का झाला नाही?' हा 'जेन एअर' या कादंबरीवरच्या लेखातला सवाल मला पटला नाही. रॉचेस्टर हा तिचा नायक, बर्था ही त्याने घरात कोंडून ठेवलेली वेडी बायको, आणि जेन ही त्याला जिच्याशी लग्न करायचंय ती नायिका. शार्लट ब्राँटेची ही कादंबरी आली 1847 मध्ये. तेव्हा इंग्लंडात पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि तोही बायकोचा व्यभिचार सिद्ध करून. रॉचेस्टर तिच्यावर तसे आरोप करतोच की! पण डॉक्टरांनी तिला वेडी ठरवल्यावर कायद्याची वाट बंद झाली, हेही तो स्वतःच जेनला सांगतो. 1857 च्या घटस्फोटाच्या कायद्यानेही वेड हे कारण मानलं नाही. ते मानलं गेलं थेट 1937 मध्ये.

म्हणून त्याला निर्दोष म्हणायचं असं नाही हं. कॉलेजात वाचताना मला त्याची दया आली होती. चाळिशीत पुन्हा वाचली तेव्हा खटकलं ते हे, की बर्थाची बाजू आपल्याला कळते ती फक्त नवऱ्याच्या तोंडून. फर्नडीन या त्याच्या दुसऱ्या, ओलसर घरात ती लवकर मेली असती, म्हणून तिथे ठेवलं नाही, हा मोठेपणाही तोच सांगतो.